तीनदा वाढला, म्हणजे परतला का?

पत्र: डॉक्टर, आमच्या ह्यांचं वय ६६. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रथिन) १४.२ होता, ग्लीसन (बायोप्सीतून कळणारी कॅन्सरच्या उग्रतेची श्रेणी) ४+३ म्हणजे ७. दोन वर्षांपूर्वी रेडिएशनची २० सिटिंग झाली. त्याच्या दोन महिने आधीपासून हार्मोनची इंजेक्शनं सुरू होती, ती एकूण सहा महिने चालली. रेडिएशननंतर तीन महिन्यांनी पीएसए ०.०५ आला, आम्हाला वाटलं सुटलो. पण पुढे सहा महिन्यांना ०.१, वर्षाला ०.३, दीड वर्षाला ०.६ आणि आता ०.९. ह्यांनी कुठेतरी वाचलंय की लागोपाठ तीनदा वाढला की रोग परतला. मोबाइलवरचं एक अ‍ॅप सांगतं, आकडा दर पाच महिन्यांनी दुप्पट होतोय. महिन्याभरात मला न सांगता दोन वेगळ्या लॅबमध्ये जाऊन आले, एकीकडे १.१ आणि दुसरीकडे ०.८. माझ्या दिरांचं याच आजाराचं ऑपरेशन झालंय, त्यांचा पीएसए कायम शून्य. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘तीन महिन्यांनी बघू.’ ह्यांना वाटतं ते काहीतरी लपवतायत. पेट स्कॅन आत्ताच करायचा हट्ट धरलाय. एका नातेवाइकाने पीएसए उतरवणारी वनस्पतींची पावडरही सुचवली आहे. बाकी तब्येत बरी आहे. अंगातून वाफा यायच्या त्या थांबल्या. मध्यंतरी चार-चार दिवस दाढी केली नाही तरी चालायचं, आता पूर्वीसारखी रोज करावी लागते. शौचाला एक-दोनदा लाल रक्त दिसलं, पण मूळव्याध असेल म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. रात्र-रात्र जागतात, माझ्याशी धड बोलत नाहीत. रोग परतलाय का हो?
(नाव प्रसिद्ध करू नये, अशी विनंती.)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात इतके आकडे आहेत, पण मला सगळ्यांत कामाचं वाक्य वाटलं ते दाढीचं.

का ते सांगते. हार्मोनची इंजेक्शनं पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पाडतात. प्रोस्टेटच्या पेशी, मग त्या निरोगी असोत की कॅन्सरच्या, टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर काम करतात आणि पीएसए हे प्रथिनही बनवतात. टेस्टोस्टेरॉन गेलं की सगळ्याच पेशी सुस्तावतात आणि पीएसए कोसळतो. म्हणजे तुम्हाला ज्याने हायसं वाटलं तो ०.०५ हा एकट्या रेडिएशनचा निकाल नव्हता. तेव्हा इंजेक्शनचा अंमल अंगात होता. तो अंमल उतरायला, म्हणजे टेस्टोस्टेरॉन पुन्हा पूर्वपदावर यायला, काही महिन्यांपासून वर्षभर लागतं. वय जास्त असेल तर त्याहूनही अधिक. तुमच्या यजमानांच्या वाफा थांबल्या, दाढी पूर्वीसारखी वाढू लागली, याचा अर्थ त्यांचं टेस्टोस्टेरॉन बहुतेक परत आलंय. ते आलं की रेडिएशनमधून वाचलेल्या निरोगी पेशीही पुन्हा थोडा थोडा पीएसए बनवू लागतात, आणि आकडा तळातून वर सरकतो. हे अपेक्षितच असतं.

पण दाढी म्हणजे काही रक्ततपासणी नव्हे. तुम्ही पीएसएचे आठ आकडे लिहिलेत, टेस्टोस्टेरॉनचा एकही नाही. कदाचित डॉक्टरांच्या फाइलमध्ये असेल. नसेल तर पुढच्या वेळी पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉन मोजायला सांगा. रक्त सकाळीच द्यायचं, कारण दिवसभरात त्याची पातळी उतरत जाते. टेस्टोस्टेरॉन अजूनही दबलेलं असताना पीएसए चढत असेल, तर तो जास्त काळजीचा प्रकार. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल झालं असेल, तर ०.०५ वरून ०.९ पर्यंतच्या या चढाचा बराचसा उलगडा तिथेच होतो.

आता तुमचा थेट प्रश्न. रोग परतलाय का? या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. अजिबात परतलेला नाही, असंही आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हे दुसरं वाक्य लिहायला मलाही आवडत नाही, पण तुमचे डॉक्टर ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हणतात ते याच कारणाने. त्यांच्याकडे लपवण्याजोगं काही नाही, पुढचा आकडा आल्याशिवाय सांगण्याजोगंही फारसं नाही.

दिरांशी तुलना तर आधी थांबवा. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट काढूनच टाकतात. पीएसए बनवणारी ग्रंथीच उरली नाही, म्हणून आठ-एक आठवड्यांत तो मोजता येणार नाही इतका खाली जातो. त्यांच्या बाबतीत ०.२ आला आणि पुन्हा तपासूनही तेवढा किंवा जास्तच आला, तर डॉक्टर दखल घेतात. रेडिएशनमध्ये ग्रंथी जागेवरच राहते. किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा होते, पण त्या लगेच मरत नाहीत. बहुतेक जणी पुढे विभाजन करायला जातात तेव्हा मरतात, आणि प्रोस्टेटच्या पेशींचं विभाजन मुळात संथ. म्हणून फक्त रेडिएशन घेतलेल्या माणसाचा पीएसए तळाला जायला दीड-दोन वर्षं सहज लागतात, काहींना त्याहून जास्त. तळ गाठल्यावरही तो शून्य नसतो. तो ०.५ च्या खाली असला की आम्हाला बरं वाटतं, पण त्याहून वर स्थिर राहून वर्षानुवर्षं ठणठणीत असलेले पुरुषही असतात.

लॅबच्या कागदावर ‘० ते ४ नॉर्मल’ असं छापलेलं असतं, त्याचाही तुमच्याशी संबंध नाही. ती पट्टी उपचार न झालेल्या प्रोस्टेटसाठी आहे. काही जण ३.५ आकडा बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणत निर्धास्त बसतात. तेही चूकच. गंमत म्हणजे अमेरिकेत या तपासणीला १९८६ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून तिचा वापर १९९४ मध्ये मान्य झाला. आणि रिपोर्टवर छापायची पट्टी मात्र निदानवाल्यांचीच राहिली.

‘तीनदा वाढला म्हणजे परतला’ हे तुमच्या यजमानांनी वाचलं ते खोटं नाही, फक्त जुनं आहे. रेडिएशन तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने १९९६ मध्ये असाच नियम ठरवला होता: लागोपाठ तीन वाढी म्हणजे उपचार अपयशी. काही वर्षांतच त्यातल्या अडचणी दिसू लागल्या. हार्मोनची इंजेक्शनं थांबल्यावर होणारी वाढ त्या नियमात सापडायची. काही पुरुषांमध्ये मधूनच येणारी तात्पुरती वाढही सापडायची. म्हणजे अगदी तुमच्या यजमानांसारख्यांना तो नियम नापास करत होता. म्हणून २००५ मध्ये फिनिक्स शहरात तज्ज्ञ पुन्हा बसले आणि नवी व्याख्या आली. आजवरचा सगळ्यांत खालचा आकडा घ्यायचा, त्यात २ मिळवायचे. पीएसए तिथे पोहोचला की रोग पुन्हा सक्रिय झाल्याचा संशय धरायचा. जगभर आज हीच फिनिक्स व्याख्या चालते. तुमच्याकडे सगळ्यांत खालचा आकडा ०.०५. म्हणजे ती रेषा २.०५ वर. तुम्ही ०.९ वर आहात.

मात्र ही रेषा म्हणजे लक्ष्मणरेषा नाही, हेही लक्षात असू द्या. १.९ ला सगळं आलबेल आणि २.१ ला आभाळ कोसळलं, असं काही होत नाही. रेषेच्या बरंच आधी पण वेगाने आणि न थांबता चढत चाललेला आकडा असेल, विशेषतः पुढे आणखी एखादा मुळावर घाव घालणारा उपचार झेपेल अशी तब्येत असेल, तर आम्ही २ ची वाट न बघताही शोध घेतो. उलट रेषा ओलांडूनही पुन्हा खाली उतरलेले लोक आहेत.

ती तात्पुरती वाढ काय असते तेही सांगते, कारण तुमच्या यजमानांच्या वाचनात ती आली नसावी. आमच्यात तिला बाउन्स म्हणतात. रेडिएशननंतर साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान पीएसए काही कारण नसताना चढतो, काही महिने तिथेच घुटमळतो आणि मग कोणत्याही औषधाशिवाय उतरतो. बहुतेकदा हा चढ लहान असतो, १ च्या आत, पण काहींचा २ च्या पुढेही जातो. तरुण रुग्णांत आणि प्रोस्टेटमध्ये किरणोत्सर्गी बिया (आतून रेडिएशन देणारे बारीक दाणे) बसवलेल्यांत तो जास्त दिसतो. आत नेमकं काय घडतं याचे तर्क अनेक आहेत. ग्रंथीला उशिरा येणारी सूज हा त्यातला एक. पंचाईत अशी, की बाउन्स होता हे तो उतरल्यावरच कळतं. चढत असताना बाउन्स आणि खरी वाढ अगदी सारखी दिसतात. इथे थांबण्याशिवाय दुसरी तपासणी नाही.

आता त्या दोन गुपचूप केलेल्या तपासण्या. १.१ आणि ०.८, आणि त्याआधीचा ०.९. मी हे तिन्ही आकडे एकच मानते. एकाच माणसाचं एकाच आठवड्यातलं रक्तसुद्धा दोनदा तपासलं तर पीएसएमध्ये १५-२० टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यात लॅब बदलली की यंत्र बदलतं, रसायनं बदलतात, मोजायची प्रमाणं बदलतात. दोन वेगवेगळ्या काट्यांवर वजन करून ‘मी आठवड्यात दोन किलो वाढलो’ म्हणण्यासारखं आहे हे. १.१ बघून ते किती रात्री जागले असतील आणि ०.८ ने किती दिवस पुरलं असेल, याचा अंदाज मला आहे. दर महिन्याला तपासलं तर अशा खोट्या चढउतारांतच ते अडकून पडतील, खरी दिशा हाती लागणार नाही. लॅब एकच ठेवा. सध्या प्रश्न उभा आहे म्हणून तीन महिन्यांनी, आणि आकडा स्थिरावला की पुन्हा सहा महिन्यांनी. रक्त देण्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन टाळायचं आणि सायकल चालवायची नाही. लघवीला जळजळ, ताप असेल किंवा नुकतीच नळी घातली असेल, तर तपासणी काही आठवडे पुढे ढकलायची. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे पीएसए खोटा कमी दिसतो. प्रोस्टेटची सूज कमी करणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्याही पीएसए निम्म्यापर्यंत खाली आणतात. चालू असतील तर डॉक्टरांना ते माहीत हवं.

अ‍ॅपचं गणित बरोबर आहे. ०.०५ पासून २१ महिन्यांत ०.९, म्हणजे दुपटीचा काळ पाच महिने. पण त्याची सुरुवात इंजेक्शनने दाबलेल्या आकड्यापासून होते, तेव्हा उत्तर भीतीदायक येणारच. ०.०५ चे ०.१ झाले तरी अ‍ॅपच्या लेखी दुप्पट, आणि १० चे २० झाले तरी दुप्पट. मी कागदावर टप्प्याटप्प्याने मांडून पाहिलं. ०.१ ते ०.३ या वेगाने दुप्पट व्हायला चार महिन्यांहून थोडं कमी लागतं. ०.३ ते ०.६ या वेगाने सहा महिने. ०.६ ते ०.९ या वेगाने दहा महिन्यांहून थोडं जास्त. चढ चालू आहे, पण त्याचा जोर ओसरतोय. टेस्टोस्टेरॉन परत आल्यामुळे वाढणारा पीएसए साधारण असाच वागतो आणि मग एका पातळीवर टेकतो. तुमचा टेकेल का, हे पुढचे दोन आकडे सांगतील. दुपटीचा काळ हे एरवी फार उपयोगी माप आहे, पण रेषा ओलांडल्यावर. तेव्हा तो तीन महिन्यांहून कमी असेल तर आम्ही धावपळ करतो आणि वर्षाहून जास्त असेल तर निवांतपणे विचार करतो.

पेट स्कॅनचं म्हणाल, तर त्यांच्या मनात जो आहे तो पीएसएमए पेट असावा. स्कॅन उत्तम आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात आणि ते जिथे गोळा होतं ती जागा चमकते. पण पीएसए जितका कमी, तितकी काहीच न दिसण्याची शक्यता जास्त. आज केला आणि कोरा आला, तर यजमान आठ दिवस खूश राहतील आणि नवव्या दिवशी म्हणतील, ‘बारीक असेल, दिसलं नसेल.’ त्यांचं म्हणणं खोटंही नसेल. दुसरी शक्यता अधिक त्रासाची. एखाद्या फासळीत ठिपका चमकतो, रिपोर्टात ‘संशयास्पद, पाठपुरावा करावा’ असं येतं, आणि असे फासळीतले एकुलते ठिपके बऱ्याचदा कॅन्सरचे नसतात. मग त्या ठिपक्याचा पाठलाग सुरू. बायोप्सीचंही तसंच. रेडिएशननंतरच्या दोन वर्षांत घेतलेल्या तुकड्यात मरणपंथाला लागलेल्या पेशी दिसतात. त्या जिवंत की मेलेल्या, हे पॅथॉलॉजिस्टलाही नीट सांगता येत नाही. योग्य वेळी केलेला स्कॅन उपचाराची दिशा बदलू शकतो. ती वेळ आज आहे, असं मला वाटत नाही.

आणि समजा, आकडा टेकला नाही, चढतच गेला? हा विचार तुमच्या घरात रोज रात्री होतो आहे, तर तो उघडच करू. आधी पीएसएमए पेट आणि प्रोस्टेटचा एमआरआय होईल, गरज पडल्यास बायोप्सी. रोग फक्त प्रोस्टेटमध्येच सापडला, तर तिथेच पुन्हा उपचार करता येतात: गोठवून पेशी मारणं, ध्वनिलहरींच्या उष्णतेने जाळणं, आत किरणोत्सर्गी बिया बसवणं, निवडक रुग्णांत ऑपरेशन. हे उपचार पहिल्या खेपेपेक्षा अवघड असतात. लघवीवरचा ताबा, लैंगिक संबंध यांवर त्यांचा परिणाम जास्त होतो, म्हणून ते अनुभवी हातांतच व्हावेत. एक-दोन लसिका ग्रंथींत किंवा हाडाच्या एखाद्या जागी सापडला, तर तेवढ्याच जागी नेमकं रेडिएशन देता येतं. काही ठिकाणी हार्मोन पुन्हा सुरू करावं लागतं. आणि काही वेळा, विशेषतः चढ संथ असेल तर, नुसतं लक्ष ठेवणं हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो, कारण आकडा वाढणं आणि माणसाला त्रास होणं यांत अनेकदा वर्षांचं अंतर असतं. घाईघाईने आजच हार्मोन सुरू केलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर आणि वजन वाढतं, वाफा परत येतात. शिवाय पीएसए पुन्हा दाबला जाऊन रोग कुठे आहे की नाही हे शोधायची संधीच हातची जाते. तुमचे डॉक्टर हात बांधून बसलेले नाहीत. पण हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत तुम्हाला सांगायला हवं होतं, हेही खरं. ‘तीन महिन्यांनी बघू’ एवढ्यावर घरी पाठवलेला माणूस इंटरनेटवर जाणार, यात नवल काय?

म्हणून पुढच्या भेटीत त्यांना विचारा: टेस्टोस्टेरॉन किती आहे, आमच्यासाठी तळाचा आकडा कोणता धरताय, आणि कोणत्या आकड्याला किंवा कोणत्या वेगाला तुम्ही स्कॅन कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यजमानांच्या वहीत लिहून घ्या. मर्यादा ठरलेली असली की वाट बघणं सुसह्य होतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तरीही मन मानत नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या. त्यात तुमच्या डॉक्टरांचा अपमान नाही. जाताना पीएसएच्या कागदांबरोबर बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, इंजेक्शनांची नावं व तारखा आणि रेडिएशनचा समारोप रिपोर्ट न्या. या शेवटच्या कागदात किती मात्रा, किती सिटिंग, कुठल्या भागाला, हे सगळं असतं. तो बहुतेकांकडे नसतो. आत्ताच मागून ठेवा.

पावडर नको. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे मला पुढे ऐकवू नका. पीसी-स्पेस नावाचं एक वनस्पतींचं मिश्रण प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांत खूप लोकप्रिय झालं होतं, कारण त्याने पीएसए खरोखर उतरायचा. तपासणीत त्यात स्त्रीहार्मोनासारखं कृत्रिम औषध आणि रक्त पातळ करणारं औषध सापडलं. २००२ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. तुमच्या नातेवाइकांच्या पावडरीत काय आहे हे मला माहीत नाही. तिने आकडा बदललाच नाही तर ती निरुपयोगी. आणि बदलला, तर आपण ज्या एका खुणेवर नजर ठेवून आहोत तीच पुसली जाईल.

आता यजमानांविषयी. ते तुमच्याशी बोलत नाहीत, गुपचूप लॅबमध्ये जातात, याचं मला आश्चर्य वाटत नाही. तपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस चिडचिड, रिपोर्ट येईपर्यंत झोप नाही, हे या आजाराच्या बहुतेक घरांत चालतं. चोरून तपासणी केली म्हणून त्यांना धारेवर धरू नका. त्यांनी तुमच्यापासून लपवलं ते बहुधा तुमच्याच काळजीने. त्याऐवजी दोघांनी मिळून एक-दोन गोष्टी ठरवा. रिपोर्ट मोबाइलवर रात्री येऊन पडतो आणि विचारायला तेव्हा कोणी नसतं. तो सकाळी, दोघांनी एकत्र उघडायचा, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या दिवशीच यावा अशा बेताने रक्त द्यायचं. वही त्यांनी ठेवावी, त्यात काही वाईट नाही. फक्त प्रत्येक आकड्यापुढे लॅबचं नाव आणि टेस्टोस्टेरॉनचा रकानाही असू दे. अ‍ॅप काढून टाकलं तर फारच उत्तम. एवढं करूनही महिनाभरात झोप सुधारली नाही, जेवणावरची वासना गेली, कशातच रस उरला नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा. हार्मोनच्या उपचारांनी मन खचतं आणि ते औषधाने, समुपदेशनाने सावरतं. शरीरसंबंधांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. संकोच असेल म्हणून मीच सांगते, टेस्टोस्टेरॉन परत आल्यावर इच्छा परत येते, पण रेडिएशनमुळे ताठरता कमी होणं हळूहळू, वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा सुरू होऊ शकतं. त्यावर गोळ्या आहेत. हृदयाची औषधं चालू असतील तर मात्र त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आणि शौचावाटे रक्त. ताई, सगळं घर पीएसएकडे बघत असताना हे मागे राहून गेलं, आणि मला पीएसएपेक्षा याची घाई वाटते. गुदाशय प्रोस्टेटला अगदी मागून चिकटून असतो, त्यामुळे त्याच्या पुढच्या भिंतीला रेडिएशन थोडं तरी लागतंच. तिथल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत कधीही लाल रक्त दिसू शकतं. बहुतेकदा हे सौम्य असतं. शौचाला खडा होऊ न देणं, औषधी एनिमा, फारच झालं तर दुर्बिणीतून रक्तवाहिन्या बंद करणं, एवढ्यावर भागतं. पण ‘मूळव्याध असेल’ किंवा ‘रेडिएशनमुळे असेल’ असं घरच्या घरी ठरवायचं नाही. ६६ व्या वर्षी असं रक्त दिसलं तर मोठ्या आतड्यात दुसरं काही नाही ना, हे पाहावंच लागतं. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रोस्टेटचं रेडिएशन झालंय हे आधी, तोंडाने सांगा, फाइलवर विसंबू नका. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा गरज नसताना घेतला तर ती जखम कधीकधी भरत नाही आणि क्वचित मूत्रमार्गापर्यंत भोक पडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं. रक्त गाठीगाठींनी पडलं, शौच डांबरासारखी काळी झाली, चक्कर आली किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तसं काही नसेल तरी उद्या सकाळी डॉक्टरांकडे फोन करून ही तक्रार सांगा आणि या आठवड्यातली वेळ घ्या. यजमान टाळतील, तर फोन तुम्ही करा. टेस्टोस्टेरॉनचं त्याच फोनवर विचारून घ्या.